पुण्याची ऑर्डर

"तिनं मनापासून आमेन म्हटलंच नसणार," आई म्हणाली. "नाहीतर असं झालंच नसतं."

मटार सोलता सोलता ती हे शेजारी बसलेल्या, प्रार्थनेला येणाऱ्या एका बाईला सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होते. 'ती' म्हणजे आमच्या काकू. काका जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

आई दुष्ट नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. काका आमच्या नात्यातले नव्हते; ते आणि बाबा एकाच सरकारी ऑफिसात होते, बदली होऊन चंदिगडला आलेले. दोन्ही घरं नगरकडची, मराठी आणि ख्रिस्ती. या शहरात अशी आमची दोनच घरं आम्हाला माहीत होती. नाताळच्या करंज्या आई आणि काकू मिळून करायच्या. काकू मुरड घालायच्या, आई कातणं फिरवायची आणि वर म्हणायची, "तुमची मुरड बघत बसलो तर ईस्टर येईल."

रविवारी दुपारी आम्ही सेक्टर बावीसमध्ये, कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत प्रार्थनेला जायचो. तिथले ब्रदर दक्षिणेकडचे होते. ते इंग्रजीत बोलायचे आणि मी शेजारी उभी राहून त्याचं हिंदी करायचे. कॉन्व्हेंटच्या फीचा आमच्या घराला झालेला हा एवढाच उपयोग. एरवी मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे, पण दुसऱ्याचे शब्द बोलताना मला भीती वाटत नसे.

ब्रदर सांगायचे की राजाच्या लेकरांनी कमी का मागावं? विश्वास धरा, मागा, आणि मिळालंच असं समजून आभार माना. मग लोक उठून साक्ष द्यायचे. कुणाच्या भावाला कॅनडाचा व्हिसा मिळालेला असे, कुणाचा स्कूटरचा नंबर लागलेला. एकाची बस चुकली आणि त्याच बसवर पुढे गोळीबार झाला. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. बसमध्ये जे होते त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ब्रदरांच्या मागे भिंतीवर लाकडी क्रूस होता. ज्याला त्यावरून कुणी जिवंत खाली उतरवलं नाही, त्याच्या नावानं आम्ही स्वतःपुरतं सुखरूप राहणं मागत होतो. माझी नजर भाषांतर करताना पुन्हा पुन्हा तिकडे जायची.

उन्हाळ्यात काकांची पुण्याला बदली झाल्याची ऑर्डर आली. अतिरेक्यांच्या त्या काळात अशी ऑर्डर म्हणजे काय, हे पंजाबात राहिलेल्यांनाच कळेल. संध्याकाळी कुणाला यायला जरा उशीर झाला की घरातलं बोलणं थांबायचं. काकूंनी त्याच दिवशी दुकानातून खोकी आणून भांडी भरायला घेतली.

मग ब्रदर त्यांच्याकडे चहाला आले. आई आणि मी तिथेच होतो. देवानं तुमच्यासाठी इथेच बढती ठेवली आहे, ते काकांना म्हणाले. भिऊन निघून गेलात तर धाकटा आशीर्वाद घेऊन जाल. काकांना इंग्रजी येत होतं, त्यामुळे मला मध्ये पडावं लागलं नाही. काकू मात्र चेहऱ्यांवरून समजल्या.

"अहो, पुणंच बरं," त्या हळूच म्हणाल्या. "जीव राहिला तर बढती काय, आज ना उद्या होईलच."

"हिचा विश्वास म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल," काका हसून म्हणाले. "जागा मिळाली की काम झालं."

आईसुद्धा हसली. काकांनी बदली रद्द करण्याचा अर्ज दिला आणि तो चटकन मंजूर झाला. का नाही होणार? पुण्याला जायला ऑफिसातलं कुणीही एका पायावर तयार होतं. ब्रदरांनी तीसुद्धा साक्षच धरली. काकूंनी खोकी उघडून भांडी पुन्हा फळीवर लावली.

पावसाळ्यानंतर टूरवरून परतताना काकांची बस रस्त्यात अडवली गेली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

प्रार्थनेतली मंडळी डबे घेऊन आली, रडली. मग डबे बंद झाले आणि कुजबुज सुरू झाली. विश्वास धरणाऱ्याला काही होत नाही, असं शिकवलेलं होतं. आता एक तर ते शिकवणं खोटं होतं, किंवा त्या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला होता. दुसरं मानणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. आईच्या तर फारच. काकूंची चूक नसेल, तर बाबांची रोजची स्कूटर आणि काकांचा तो रस्ता यांच्या मधे काहीच उरत नव्हतं. तिची भीती मला तेव्हाही कळत होती. माफ मात्र अजून पुरतं करता आलेलं नाही.

पुढे ब्रदरांनीच ठरवलं की काकूंनी उभं राहून आपली शंका कबूल करावी. तसं केलं की अडलेला आशीर्वाद मोकळा होईल आणि ऑफिसात अनुकंपेवर नोकरी लागेल. म्हणजे अजूनही सौदाच. काकूंचं हिंदी भाजी घेण्यापुरतं. त्या मराठीत बोलणार आणि मी सर्वांना सांगणार, असं ठरलं.

जिना चढताना आईनं माझी ओढणी धरून मला थांबवलं. "ती सांगेल तेच सांग. आपल्या पदरचं काही घालू नकोस."

काकू उभ्या राहिल्या. बायबल छातीशी धरलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

"प्रभूला मोठं काम करायचं होतं," त्या म्हणाल्या. पाठ करून आल्यासारख्या. "मी शंका घेतली. मीच पुण्याला चला म्हणाले. माझ्यामुळे..." पिशवीचा चुरचुर आवाज तेवढा येत राहिला.

"येस, सिस्टर?" ब्रदर माझ्याकडे वळून म्हणाले.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हे हिंदीत सांगितलं असतं, तर त्या खोलीत ते कायमचं खरं झालं असतं. खुद्द काकूंसाठीही. मी गप्प राहिले तर आई म्हणाली असती, पोरगी लाजली, आणि दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असतं.

मी आधी हिंदीत बोलले, मग ब्रदरांकडे बघून इंग्रजीत. आणि शेवटी आईकडे बघून मराठीत.

"काकू चला म्हणाल्या होत्या. त्यांचं ऐकलं असतं, तर काका आज पुण्यात असते."