मॅडमच्या नोट्स

प्राचार्यांनी बोलावलंय असं शिपाई सांगत आला, तेव्हा मला वाटलं माझे तास कमी होणार. मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास मिळतील तितकीच नोकरी. त्यामुळे असं अवचित बोलावणं आलं की आधी तेच मनात येतं.

पण सर खुशीत होते. "मॅडम, आपल्याला नवा पेपर मंजूर झाला. पर्यटन व्यवस्थापन. बी.कॉम.च्या पोरांना. तुमी घ्या."

"सर, माझा विषय अकाउंट्स. पर्यटन मी कधी शिकलेच नाही."

"मग काय झालं? कॉमर्सचंच पिल्लू हाय ते. पुस्तक वाचायचं अन् शिकवायचं."

मी बरं म्हणून बाहेर आले. अडचण अशी, की पुस्तकच नव्हतं. अभ्यासक्रमाच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी होती, सगळे इंग्रजी. आमच्या ग्रंथालयात त्यातलं एकही नाही. ग्रंथपाल म्हणाले, मागणी लिहून ठेवा, पुढच्या खरेदीत बघू. बीडच्या पुस्तकवाल्यानं फोनवर अख्खी यादी ऐकून घेतली आणि शेवटी विचारलं, "आपल्याकडं हे कोण वाचतंय, मॅडम?"

पहिला तास मी ओळखीपाळखीतच काढला. सगळ्यांत लांब कोण जाऊन आलंय, असं वर्गाला विचारलं. कुणी तिरुपतीला, कुणी शेगावला, एक मुलगी मामाच्या लग्नाला पुण्याला. मागच्या बाकावरचा शिरूर कासारचा मुलगा उठला. "मी कर्नाटकात गेलतो, मॅडम. आईबापासंगं, ऊसतोडीला. सहा महिने." वर्ग हसला, तोही हसला, आणि मग त्यानं अगदी मनापासून विचारलं, "ते पर्यटनात धरायचं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. "पुढच्या तासाला बघू," म्हणाले आणि हजेरी घेतली.

घरी येऊन जेवणसुद्धा न करता मोबाइल घेऊन बसले. पर्यटनाची व्याख्या शोधता शोधता एक अख्खं पुस्तक हाताला लागलं. कुठल्याशा थंड देशातल्या प्राध्यापकांनी मिळून आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं, आणि सगळ्यांसाठी इंटरनेटवर फुकट ठेवलेलं. माझा विश्वास बसेना. आता कार्डाचा नंबर विचारतील, मग विचारतील, म्हणून मी वाट बघत राहिले. कुणी काही विचारलं नाही. गॅसवरचा चहा उतू जायच्या आत पुस्तक मोबाइलमध्ये उतरलं होतं. प्रवास, राहण्याची सोय, खानपान, सण-उत्सव, ग्राहकाशी वागणं, सगळी प्रकरणं ओळीनं. आमचा अभ्यासक्रम बराचसा त्यात बसत होता. उरलेल्यासाठी एका सरकारी संकेतस्थळावर प्राध्यापकांची व्याख्यानं मिळाली, तीही फुकट.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच प्रकरणात होतं. तिकडं जाऊन मजुरी घेतली तर ते पर्यटन नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मला बी तसंच वाटलतं."

मग माझा नेमच झाला. दुपारी कॉलेजातून आले की शब्दकोश बाजूला ठेवून पाच-सहा पानं वाचायची, रजिस्टरमध्ये मराठीत उतरवायची आणि सकाळी वर्गात सांगायची. माझं इंग्रजी पाटोद्याच्या शाळेतलं. एकेका परिच्छेदाला अर्धा तास जायचा. पण विषय कळायला लागला तसा आवडायलाही लागला. गंमत म्हणजे पुस्तकातली उदाहरणं सगळी बर्फाची. बर्फावरून घसरायला येणारे लोक, त्यांच्यासाठीची हॉटेलं, हंगाम संपला की रिकामं पडणारं गाव. मी इमानदारीनं तेच सांगत राहिले.

"मॅडम," एका मुलीनं विचारलं, "घसरून पडायला लोकं पैशे देत्यात? कावून?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण मनात धाकधूक होतीच. कारण पुस्तक कुठून घेतलं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझी समजूत अशी, की फुकट वाचायला दिलंय ते ठीक. पण दुसऱ्याचं लिखाण उचलायचं, मराठीत करायचं आणि आपलं म्हणून वर्गात सांगायचं, ही चोरी. चोरी म्हणजे चोरी. स्टाफरूममध्ये कुणी जवळ आलं की मी मोबाइल पालथा घालायची.

आणि नेमक्या त्याच नोट्स गाजल्या. मुलं माझं रजिस्टर उतरवायला मागून न्यायची. झेरॉक्सवाल्यानं त्यांचा एक गठ्ठाच करून ठेवला आणि वर मार्करनं लिहिलं, 'पर्यटन – मॅडमच्या नोट्स'. दुसऱ्या कॉलेजची मुलंही त्या न्यायला लागली. गोष्ट प्राचार्यांच्या कानावर गेली. त्यांनी पुन्हा बोलावलं.

"मॅडम, लई झाक काम केलंत. आता ह्याचं पुस्तक छापू. कवरवर तुमचं नाव. दिवाळीनंतर तपासणीला कमिटी येणार हाय, त्यांच्या हातात देऊ."

"नको, सर. राहू द्या."

"कावून? लाजायचं काय त्यात?"

"अजून अपुऱ्या आहेत, सर."

"मग पुऱ्या करा. पंधरा दिवस देतो."

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. कमिटीत कुणीतरी ते मूळ पुस्तक वाचलेलं असणार, ते माझ्याकडं बघून विचारणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. आमच्या ह्यांचं मेडिकल दुकान आहे. ताट तसंच बघून त्यांनी विचारलं, "काय होतंय तुला?" मी म्हणाले, "पित्त झालंय." त्यांनी दुकानातून गोळ्यांची पट्टी आणून दिली. मी रोज मुकाट्यानं एक घ्यायची. न झालेल्या पित्तावर मी आठ गोळ्या खाल्ल्या.

एका सकाळी तास संपल्यावर एक मुलगी मागं थांबली. ती धर्मापुरीची. गावातल्या जुन्या मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. शांत मुलगी, कधी आपणहून बोलायची नाही. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"मॅडम, मला ह्ये सापडलं."

तेच पुस्तक. गिऱ्हाइकाच्या तक्रारीचं आठवं प्रकरण उघडं होतं, मी तीन दिवसांपूर्वी सांगितलेलं. मी पहिल्या बाकावर बसूनच घेतलं.

"कुठं मिळालं तुला?"

"आमच्या हॉटेलासाठी शोधत होते. गिऱ्हाईक चिडून गेलं तर त्याला परत कसं आणायचं, तुमी सांगितलतं ना, त्यातलं अजून काय मिळतंय का बघत होते. तर तुमी सांगितलेलं तसंच्या तसं हितं निघालं."

"कुणाला दाखवलंस?"

"न्हाई. कावून दाखवू?" तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "मॅडम, तुमाला बरं वाटंना का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. पुस्तक नसणं, दुपारचं भाषांतर, छापायचं ठरलेलं, कमिटी. विद्यार्थिनीपुढं असं बोलताना मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. तिनं सगळं ऐकलं. मग ती सरळ माझ्याशेजारी येऊन बसली आणि मोबाइलवर बोटानं पानं मागं सारत सारत अगदी सुरुवातीला गेली.

"पन मॅडम, हितं तर निराळंच लिव्हलंय."

मुखपृष्ठाच्या मागचं ते पान. सगळ्या पुस्तकांत असतं तसं बारीक अक्षरातलं, मी कधीच न वाचलेलं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं: हे पुस्तक कुणीही वापरावं, वाटावं, छापावं, दुसऱ्या भाषेत न्यावं, आपल्या गरजेप्रमाणे बदलावं. अट एकच. मूळ लेखकांची नावं द्यावीत आणि आपण काय बदललं ते सांगावं.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. छातीवर कुणीतरी ठेवलेलं पोतं उचलून नेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना. ती बिचारी घाबरली आणि पाण्याची बाटली माझ्या हातात देत म्हणाली, "प्या, मॅडम. आता काय न्हाई."

खरंच काही नव्हतं. चूक झाली होती, पण ती नाव न सांगण्याची, आणि तेवढी दुरुस्त करता येणार होती. मी तशीच उठले आणि प्राचार्यांकडं गेले. एका दमात सगळं सांगितलं. ते चष्मा काढून ऐकत राहिले. मला वाटलं, आता रागावणार.

"म्हंजी ह्ये फुकट हाय?"

"हो, सर."

"अन् छापलं तर कायद्यात बसतंय?"

"नावं दिली की बसतंय. ते पान मोबाइलवर आणलंय मी."

त्यांनी पान वाचलं, चष्मा परत घातला. "मग आधी बोलायचं का न्हाई, मॅडम? मी तिकडं तुमच्या नावाचं कवर करायला सांगितलतं." मग जरा हळू आवाजात ते म्हणाले, "मला बी काळजी होती. पुस्तक न्हाई, मास्तर न्हाई, अन् पेपर मागून बसलो. ह्या बाईनं कसं निभावलं, म्हणून नवल करत होतो."

तोवर मला वाटायचं की भीती फक्त मलाच आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगायचं होतं. ते प्राचार्यांपेक्षा अवघड गेलं. मी फळ्यावर पुस्तकाचं नाव लिहिलं, लेखकांची नावं लिहिली आणि म्हणाले, "माझ्या नोट्स यांच्या आहेत. मी फक्त मराठीत आणल्या. हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं." मग शिरूर कासारच्या मुलानं हात वर केला.

"मॅडम, बदलायची बी परवानगी हाय म्हनलाव ना? मग ते बरफ काढून टाकू की."

आणि वर्ग जो सुटला तो सुटलाच. बर्फाच्या हंगामाऐवजी सौताड्याच्या धबधब्याचा हंगाम घाला, ऐन पावसाळ्यात गर्दी आणि उन्हाळ्यात चिटपाखरू नाही. मोठ्या हॉटेलांऐवजी परळीच्या धर्मशाळा. माझ्या रजिस्टरवर काट मारून मुलं स्वतः लिहायला लागली. एका रविवारी आम्ही सगळे एसटीनं धर्मापुरीला गेलो. केदारेश्वराच्या मंदिराच्या भिंतीवरच्या मूर्ती मुलांनी मोबाइलमध्ये घेतल्या, मोजमापं लिहिली, आलेल्या माणसांना विचारलं की काय कमी वाटतं. लातूरहून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं सांगितलं, "बसायला सावली नाही, अन् हे काय आहे ते सांगायला माणूस नाही." तेव्हा ती शांत मुलगी पुढं झाली आणि त्यांना मंदिराभोवती हिंडवून सगळं सांगून आली. जाताना आजोबा तिला पैसे द्यायला लागले. तिनं घेतले नाहीत, पण त्यांना वडिलांच्या हॉटेलात चहाला नेलं. "प्रकरण आठवं," ती माझ्या कानात म्हणाली.

पुस्तक छापून झालं. कमिटीतल्या एका बाईंनी सुरुवातीची नावांची यादी वाचली, मुलांनी लिहिलेलं धर्मापुरीचं प्रकरण चाळलं आणि एक प्रत मागून घेतली. आणखी काही विचारलं नाही. मीच इतक्या उत्तरांची तयारी करून बसले होते.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. पेपर सुटायच्या वेळी मी केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभी होते. मुलं बाहेर आली ती एकमेकांवर ओरडतच. आपल्या परिसरातलं एक पर्यटनस्थळ घेऊन लिहा, असा मोठा प्रश्न आला होता.

"मी पुरवणी घेतली, मॅडम," एक जण म्हणाला. "दोन घेतल्या," दुसरा म्हणाला.

शिरूर कासारचा मुलगा सगळ्यांत शेवटी आला. "सोपा होता," एवढंच म्हणाला. मग रसवंतीकडं बोट दाखवलं. "चला, मॅडम. आज ऊस आमी तोडायचा न्हाई, नुसता प्यायचा."

आम्ही सगळे रस प्यायलो. मुली बसस्टँडकडं गेल्या, मुलं एकेका गाडीवर तिघं तिघं बसून निघून गेली. मी घरी आले, पंखा लावला आणि भरदुपारी अशी गाढ झोपले, की दुकान बंद करून आलेल्या ह्यांना बराच वेळ दाराची कडी वाजवावी लागली.