माझी चाळ नकाशावरून का काढली?

मंडळी, हे लिहायला दुपारपासून धीर होत नव्हता.

लोक मिळून फुकटात सगळ्यांसाठी जो नकाशा बनवतात ना, त्यात मी मनवेलपाड्यातली आमची चाळ टाकली होती. आज बघते तर सगळं गायब आणि माझं खातं बंद. कारण काहीच नाही.

नकाशाच्या ग्रुपवर विचारलं, तर एकाने लगेच टाकलं, "काय गं, शिव्या लिहिल्यास की काय?" खाली हसायचे इमोजी. मला वाटलं, आठवीत शाळा सोडली हे कळलं असेल, म्हणून काढलं. मी ग्रुप सोडणारच होते.

मग कसंबसं नकाशा सांभाळणाऱ्या मॉडरेटर दादाला वेगळा मेसेज करून विचारलं. तो म्हणाला, "अगं, तू प्रत्येक खोलीवर माणसांची नावं लिहिलीस. असं उघड्यावर टाकायचं नसतं."

खरंच की. आमच्याकडे खोलीचा नंबर कोणालाच माहीत नसतो. "सुनंदा काकूंच्या बाजूची" असंच सांगतात, मी तेच लिहिलं. काकू एकट्या राहतात हे डोक्यातच आलं नाही.

"मग हे ग्रुपवर का नाही लिहिलं, दादा?"

"तुला लाज वाटू नये म्हणून."

"ती तर न लिहिल्यानेच वाटली ना."

मग त्याने ग्रुपवर कारण लिहिलं आणि माझं खातं चालू केलं. खाली त्याच हसणाऱ्याचा मेसेज आला, "अरे, मी पण नायगावला हेच केलंय. काढतो."

मी गुपचूप निघून गेले असते, तर त्याला कोणी सांगितलं असतं?

तुमच्या ग्रुपवर काही काढलं तर कारण सांगतात का?