मामाजींची राखण

दोन वर्षांपासून मी धड झोपलीच नव्हती. सौंसरच्या शाळेत शिकवणं सोडून बाकी सारी कामं मास्तरणीच्या गळ्यात, अन् घरी मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे.

त्यांचं शेत पहिले वर होतं, सातपुड्याच्या टेकडीला लागून. त्याच्याही वर नुसता गवताचा माळ. गवताचं बी सरलं की माळावरच्या हिरव्या मुनिया खाली ज्वारीवर उतरायच्या. चिमणीहून लहान पाखरू, पाठ हिरवी, पोट पिवळं, चोच लाल. मामाजींची अर्धी जिंदगी मचाणावर बसून टिनाचा डब्बा बडवण्यात गेली. मग घरच्यांनी संत्रा लावला, ज्वारी बंद झाली अन् राखणही संपली.

म्हातारपणी त्यांची आठवण गेली. मी कोण हेही त्यांना कळेना, मला ते "वो बाई" म्हणत. मुनिया तेवढ्या पक्क्या लक्षात राहिल्या. रोज सकाळी उजाडायच्या आत उठायचे, "पाखरं बसले" म्हणायचे अन् डब्बा घेऊन निघायचे. घरापासून वीस पावलांवर नागपूरचा रस्ता. एकदा एका ट्रकवाल्यानं हात धरून आणून सोडलं अन् वरून मलाच सुनावलं, "माताजी, बुजुर्ग को संभालो." त्याला काय सांगू, मी दुसरं काय करून राहिली होती?

नवरा बोरगावच्या कंपनीत पाळीवर. तो म्हणाला, "बाहेरून कुलूप लावत जाऊ." मी म्हटलं, "एक दिवस तू बस आत, मग सांग." तरी एक दिवस मीच लावलं. शाळेतून आली तर दार बडवून बडवून त्यांचे तळहात सुजले होते. तेल लावता लावता मी रडली. कीव आली म्हणून रडली असं नाही, रागही आला होता, त्यांचाच. खोटं कशाला बोलू.

मग पावसाळ्यात घरामागच्या अंगणात मी ज्वारीच्या चार ओळी पेरल्या. शेजारीण हसली. "मास्तरीणबाई, पाखरं बोलावता काय घरी?"

"हो, बोलावतेच," मी म्हटलं.

कणसं धरली तसे मामाजी रस्ता विसरले. खाट टाकून दिवसभर तिथंच बसत. पाखरू एकही नव्हतं, तरी यांचा डब्बा तयार. मला मात्र भरवसा नव्हता. अंगणाला मागून फाटक, अन् त्याची कडी ढिली. म्हणून शाळेच्या दिवशी शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून जायची, अन् सुट्टीच्या दिवशी मी वह्या तपासायला त्यांच्याजवळच बसायची, एक डोळा वहीवर अन् एक फाटकावर.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मुनिया खरंच आल्या. कुठून आल्या, ज्वारीचा पत्ता त्यांना कोणी दिला, देव जाणे. कणसं वाकली. मामाजींनी काडी उचलली अन् तेवढ्यात माझ्याकडं पाहिलं.

"वो बाई, डोळे लाल झाले ना तुये. झोप जराशी. मी हावो ना राखणीले."

पाच मिनिटं पडते, म्हणून मी खाटेवर आडवी झाली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीच्या पलीकडं गेलं होतं. पहिले आठवला तो रस्ता. मान वळवली तर मामाजी खाटेच्या पायथ्याशी विटेवर बसलेले, डब्बा मांडीवर पालथा घातलेला अन् काडी मांडीखाली दाबलेली. समोर चारही ओळींतली कणसं पोकळ झाली होती, खाली भुशीचा थर पडला होता, अन् पाच-सहा मुनिया उरलंसुरलं टिपून राहिल्या होत्या.

"मामाजी, डब्बा नाही वाजवला?" मी पडल्या पडल्याच विचारलं. "सारं खाल्लं ना पाखरांनी."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. नजर कणसांवरच होती. नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "सून झोपून राहिली माही."