सगळा आवाज उजवीकडे

मंडळी, रोह्यात माझं बाईकला स्पीकर बसवायचं दुकान आहे, ते तुम्हाला माहीतच आहे.

आज धाटावच्या कारखान्यातला एक कामगार शिफ्ट सुटल्यावर आला. म्हणाला, "डाव्या कानानं आता काय ऐकू येत नाय. डावा स्पीकर काढ, सगळा आवाज उजवीकडं दे."

मी अँप्लिफायर ब्रिज केला, म्हणजे दोन्ही चॅनलची ताकद एकाच स्पीकरला जोडली. तो खूश होऊन गेला.

टेस्टिंग मी रोज फुल आवाजातच करतो. शटर ओढताना सहज डावा कान बोटाने दाबला. काही फरक नाही. मग उजवा दाबला. समोरचा रिक्षावाला मला हाक मारत होता, त्याचे नुसते ओठ हलताना दिसले.

घरी अजून बोललो नाही. काही वाटतही नाही.

तुम्ही बघा जरा, एकेक कान दाबून. येतं ना ऐकू?