चाकणला नेलेली कॉफी

मिरजेहून निघताना माझ्या पिशवीत कपडे कमी आणि कॉफीचं सामान जास्त होतं. लग्नकार्यात लागतो तो, एकावर एक दोन भांड्यांचा मोठा पितळी फिल्टर आणि आदल्या दिवशी दळून आणलेली पूड. कपड्यांचा वास पुडीला लागू नये म्हणून ती एकात एक अशा पिशव्यांत गुंडाळली होती. कॉफीच्या बाबतीत मी हट्टी माणूस आहे. बरणीतली पावडर दुधात ढवळून तिला कॉफी म्हणणाऱ्यांना मी चारचौघांत हसतो. बायको म्हणते, तुमची कॉफी होईपर्यंत पाहुणे उठून जातात. खरं आहे, पण जे थांबतात ते पुन्हा येतात.

या खेपेला निघालो होतो धाकट्या बहिणीसाठी. सुषमा पिंपरीला संत तुकाराम नगरात राहते. मुलं शिकून बाहेरगावी गेली, मेहुणे कंपनीच्या पाळ्यांत अडकलेले, आणि रिकाम्या घरात ती कंटाळून गेली होती. चाकणच्या एका कारखान्याला कँटीनमधला चहा-कॉफीचा कोपरा कुणाला तरी चालवायला द्यायचा होता. सुषमानं विचारणा केली, तर उत्तर आलं की एक दिवस कॉफी पाजून दाखवा, कामगारांना आवडली तर कोपरा तुमचा. तिनं लगेच मला फोन केला. "दादा, आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं काहीतरी होईल रे." मी तिथल्या तिथं जाहीर केलं की कॉफी मी करणार.

पुण्याला गाडी बदलून लोणावळ्याच्या लोकलनं कासारवाडीला उतरलो. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला महामार्ग, डोक्यावर मेट्रो, आणि या सगळ्याच्या फटीत एक माणूस निवांत कणसं भाजत बसलेला. रिक्षावाल्यानं माझी पिशवी उचलली आणि विचारलं, "कुठून आलात काका?"

"मिरजेहून."

"मग तिथला तंबोरा आणला का काय? लई जड आहे."

"नाही, कॉफी आणलीय."

"कॉफी? ती इथं वाण्याकडं पुडीत मिळते की!" त्याला माझी खरोखरच दया आली असावी, कारण नगरात शिरल्यावर त्यानं पिशवी थेट दारापर्यंत आणून दिली.

संध्याकाळी सुषमानं पेल्यात इन्स्टंट पावडर, साखर आणि थेंबभर पाणी घातलं आणि चमच्यानं फेटत बसली. आमच्याकडे हिला फेटलेली कॉफी म्हणतात. काळपट मिश्रण हळूहळू बदामी झालं, त्यावर उकळतं दूध ओतल्यावर फेस पार काठाला आला. वर जायफळाची पूड. दिसायला देखणी! पहिला घोट गोड, दुसराही गोडच. वास येतो तो जायफळाचा, आणि पेला खाली ठेवला की तोही संपतो. जिभेवर मागे राहतो फक्त करपटपणा. हे सगळं मी तिला ऐकवलं.

"पण दादा, पटकन होते," ती म्हणाली.

"ज्याला घाई आहे त्यानं पाणी प्यावं," मी म्हणालो. तिनं मान डोलावली. लहानपणापासून ती माझ्यावर भरवसा ठेवत आलीय, बिचारी.

सकाळी मी आणि सुषमा शेजारच्या जावेदभाईंच्या टेम्पोतून निघालो. त्यांचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे. मागे दुधाचे कॅन, साखर आणि पेले. तिथं वेळ वाचावा म्हणून मी पूड घरीच फिल्टरमध्ये भरली, झाकण लावलं आणि फिल्टर मांडीवर घेऊन बसलो. पोचल्यावर फक्त उकळतं पाणी ओतायचं होतं. या युक्तीवर मी भलताच खूश होतो.

नाशिक फाटा, भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले ट्रेलर, कांद्याचे ट्रक आणि कंपन्यांच्या बस एकाच रस्त्यावर दाटीवाटीनं सरकत होत्या. खड्डा चुकवला की गतिरोधक, गतिरोधक ओलांडला की खड्डा. "रोज असंच असतं?" मी विचारलं. "आज तर मोकळाय काका," जावेदभाई म्हणाले. कुरुळीजवळ ते खाली उतरून कोपऱ्यावरच्या गाडीवरून गरम कांदाभजी घेऊन आले. ती तिखटजाळ भजी खाऊन झाली तरी आम्ही होतो तिथंच होतो. पुढे डावीकडे डोंगर दिसू लागला. त्याच्या पायथ्यापर्यंत निळ्या पत्र्याच्या शेड पसरल्या आहेत आणि त्यांच्या मधेच एखादं ज्वारीचं शेत तग धरून आहे.

कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्यानं फिल्टर हातात घेऊन तोलून पाहिला. "काका, पितळी पार्ट आत न्यायचा तर चलन लागंल, मालासोबतची चिठ्ठी."

"अहो, पार्ट नाही. कॉफीचं भांडं आहे."

"मग बुडाला ही भोकं कशापायी?" त्यानं वरचं भांडं टेबलावर दोनदा आपटून आवाज ऐकला. दिवसभर सुटे भाग तपासणाऱ्या माणसाला सगळं जग सुट्या भागांचंच दिसणार, त्याला तो तरी काय करील! शेवटी कँटीन सांभाळणारे कडमामा आले. राजगुरुनगरकडच्या एका खेड्यातले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. "सोड रं त्यांला, पावन्यांची कॉफी हाय ती," म्हणत त्यांनी आम्हांला आत घेतलं. कारखान्यात लागतात तसे जाड बूट मला घालायला दिले. ते इतके मोठे होते की मी पुढं आणि बूट मागं अशी आमची वरात कँटीनला पोचली.

"बाई, सुट्टी धाच मिनिटांची," कडमामांनी सुषमाला बजावलं. "हूटर, म्हंजी सुट्टीचा भोंगा, झाला का मानसं आलीच म्हनून समजा. कुनाला थांबाय येत न्हाई."

मी फिल्टरमध्ये उकळतं पाणी ओतलं आणि खालच्या भांड्यात पाहिलं. थेंब नाही. थोड्या वेळानं पाहिलं, तरी थेंब नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. कॉफीची पूड भुरभुरीत भरायची असते. माझी बारीक पूड मोशीपासूनच्या खड्ड्यांनी दाबत आणली होती, आणि गेटवरच्या आपटण्यानं उरलंसुरलं काम केलं होतं. आत वीट तयार झाली होती. चमच्यानं ढवळायला गेलो तर गाळ भोकांत बसला आणि ती कायमचीच बुजली. तेवढ्यात हूटर वाजला.

सुषमाचा चेहरा मला बघवेना. माझ्या हट्टापायी तिचा दिवस बुडाला, एवढंच डोक्यात होतं. तिनं मात्र पिशवीतून इन्स्टंट कॉफीची बरणी काढली. भावावर भरवसा होता, पण बरणीही आणली होती!

ती भराभर फेटू लागली. रांग दारापर्यंत गेली आणि पहिला पेला अजून काळपटच होता. तेव्हा निळ्या सदऱ्यातला, रांगेत पहिला उभा असलेला गोविंद नावाचा परभणीचा कामगार पुढं झाला. "ताई, तुम्ही एकट्या किती जणांचं फेटसाल? द्या इकडं पेला. आम्ही रूमवर पोरं मिळून ऱ्हातो, तिथं असंच हाय. ज्याला प्यायची, त्यानं फेटायची."

सुषमानं पेला त्याच्या हातात दिला. प्रत्येक पेल्यात पावडर, साखर, थेंबभर पाणी आणि चमचा घालून ती पुढं सरकवू लागली. सगळं कँटीन खणखणायला लागलं. "भावा, तुझी अजून काळीच हाय!" "थांब की राव, मनगट तापू दे!" मी ते अगडबंब बूट ओढत उकळतं दूध ओतत फिरत होतो, आणि खरं सांगतो, मजा येत होती.

गोविंदनं आपला पेला कडमामांपुढं धरला. त्यांनी घोट घेतला, मिशी पुसली. सुषमाच्या हातातला चमचा हवेतच थांबला.

"गोड लई हाय," ते म्हणाले. "वासाच्या नावानं बी बोंबच. पर एरवी सुट्टीत समदी मोबाइलात मुंडी घालून बसत्यात. आज एकमेकांच्या पेल्यात डोकवाय लागलीत. उद्यापास्नं या, बाई."

सुषमा दुधाच्या रिकाम्या कॅनवर मटकन बसली आणि हसता हसता रडली. माझेही डोळे भरून आले.

इन्स्टंट कॉफीचे दोष मी सांगितले, त्यातला एकही मागे घेत नाही. कडमामांनीही तेच सांगितलं. पण माझ्या कॉफीला दुसऱ्या कुणाचा हात लागला की मी रागावतो, आणि ही कॉफी कुणाच्याही हातात बिनधास्त देता येते. ज्यानं स्वतः फेटली, त्याला ती आवडल्याशिवाय राहत नाही. हे मला घरी बसून कळलं नसतं.

दोन दिवसांनी परत निघालो. गाडी पुण्याहून सुटल्यावर सुषमाला फोन लावला आणि दूध कुठलं घ्यावं, साखर किती घालावी, असा उपदेश सुरू केला. "दादा, ठेव आता, हूटर झालाय," ती म्हणाली आणि फोन बंद. जन्मात पहिल्यांदा तिनं माझं बोलणं मधेच तोडलं होतं. मी फोनकडे बघत राहिलो, तेव्हा समोरच्या बाईंनी काळजीनं विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. बहीण कामात आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं, की त्यांनी न विचारता मी ते पुन्हा एकदा म्हणालो.