मनकर्णाबाईंना वाचून दाखवलेली पुस्तकं

मनकर्णाबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि त्याच उन्हाळ्यात सरितानं नोकरी सोडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण सासूबाई पुन्हा पायावर उभ्या राहिल्या नाहीत. नवरा अभय वाळूजच्या कंपनीत, मुलगी पुण्याला शिकायला. घरी कुणी थांबायचं, यावर बोलणंसुद्धा झालं नाही. सरिता शहागंजच्या पुढं एका खासगी शाळेत मराठी शिकवायची. तिनं राजीनामा दिला तेव्हा अभय एवढंच म्हणाला, की मायला बरं वाटलं की परत लागशीलच.

वाचायची सवय तिला आधीपासूनची, पण ती कादंबऱ्यांची. घरी बसल्यावर रचलेल्या गोष्टींत तिचं मन लागेना. औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात पुस्तकं देणारी रुक्सार साधारण तिच्याच वयाची होती. एकदा तिनं नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून एक काढून पुढं सरकवलं. "हे न्या मॅडम. पण रात को मत पढना, नींद उड जाती."

ते पुस्तक घरकामावर होतं. बाई घरात राबते त्याला काम का म्हणत नाहीत, त्याचा हिशेब कुणी का धरत नाही, असलं सगळं. सरितानं ते ओट्यापाशी उभ्या उभ्या वाचलं. दुखण्याला एकदाचं नाव मिळालं की रोग्याला बरं वाटतं, तसं तिला पहिले काही दिवस वाटलं. मग लक्षात आलं, की नाव मिळालं तरी दुखणं होतं तिथंच आहे. दुसरं पुस्तक बायकांच्या आजारपणावर होतं. बाई दुखतंय म्हणाली तर तिचं कसं उशिरा ऐकलं जातं, ते त्यात होतं. ते वाचताना तिनं पान मिटलं आणि पलंगाकडं बघितलं. पडायच्या आधी कितीतरी दिवस मनकर्णाबाई कंबर धरून सांगत होत्या, आणि घरातले सगळे, सरितासुद्धा, वय झालंय म्हणून सोडून देत होते.

"काय लिवलंय गं त्याच्यात?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

त्यांना अक्षरओळख नव्हती. सरिता वाचून दाखवायला लागली. अवघड वाक्य आलं की मोडून सोपं करायची. दुपारी जेवण, औषध, कूस बदलणं आटोपलं की म्हातारी स्वतःच म्हणायची, "काढ तुझी पोथी." ऐकताना मध्येच हसायची. घरकामाचं पुस्तक ऐकून म्हणाली, "ह्या बाईच्या डोळ्यात चुलीचा धूर गेलेला हाय. उगं नाय लिवत कुणी." दोघींच्या इतक्या वर्षांच्या संसारात त्या दुपारी तेवढ्या दोघींच्या होत्या.

तिसरं पुस्तक चळवळीतल्या बायकांवर होतं. त्यात एक प्रकरण मोर्चात न गेलेल्या बायकांचं होतं. कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटती ठेवणाऱ्या, नवरा तुरुंगात गेला की मजुरी करून लेकरं जगवणाऱ्या, आणि ज्यांचं नाव पुढं कुठंच लागलं नाही अशा. त्या दिवशी मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांचा नवरा, बन्सीबाबा, भावसिंगपुऱ्यात मानाचा माणूस. नामांतराच्या वेळी तुरुंगात जाऊन आलेला. भाषणाला उभा राहिला की माणसं हलत नसत. घरी कधीही पाचपंचवीस माणसं यायची आणि मनकर्णाबाई भाकरी थापत बसायच्या. दिवसभर मोंढ्यात धान्य निवडून आलेल्या असायच्या तरी. उरलं तर खायच्या.

"समतेवर बोलून घरी यायचा," त्या छताकडं बघत म्हणाल्या, "आन् कालवनात मीठ कमी झालं म्हनून ताट फेकायचा. मला वाटायचं, समाजाचं काम करतो, त्याचं डोकं तापनारच. म्या हे कुनाला बोलले नाय." मग विचारलं, "माझं नाव हाय का गं कुठं?"

सरितानं घरात शोधलं. बन्सीबाबांवर काढलेल्या स्मरणिकेत 'पत्नीची मोलाची साथ लाभली' एवढं होतं. नाव नव्हतं. तिनं तसं सांगितलं आणि वर हौसेनं म्हणाली, की आत्याबाई, आपण लावू तुमचं नाव. बाबांच्या स्मृतिदिनाला विहाराशेजारी त्यांच्या नावाची अभ्यासिका सुरू व्हायची होती. पाटीवर दोघांची नावं घालावीत, असं तिनं अभयला सांगितलं. अभय अभ्यासिकेच्या समितीशी बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मनकर्णाबाईंनी त्या दिवसासाठी पांढरं नऊवारी काढून ठेवायला लावलं.

त्यांना खुर्चीसकट उचलून रिक्षातून नेलं. वंदना झाली, भाषणं झाली. त्यागमूर्ती, माउली, सगळं म्हणून झालं, खांद्यावर शाल आली. मग पाटीवरचा पडदा सरकला. टाळ्या वाजल्या. मनकर्णाबाईंनी सरिताचा हात धरून खाली ओढला आणि कानाशी विचारलं, "हाय का?"

पाटीवर बन्सीबाबांचं नाव होतं. खाली समितीच्या अध्यक्षांचं, सचिवांचं, देणगीदारांचं.

"आहे," सरिता म्हणाली.

म्हातारीनं मान वर करून पाटीकडं बघितलं. तिच्या तोंडावर जे आलं ते सरितानं त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि त्या क्षणी तिला आपण बरोबर केलं असंही वाटलं.

परतताना रिक्षात मनकर्णाबाईंनी लेकाला विचारलं, की माझं नाव वरच्या अंगाला का खालच्या.

"कुठलं नाव, माय?" अभय सहज म्हणाला. "पाटी आधीच रंगवून झाली होती. पुढच्या टायमाला बघू म्हणालेत."

मनकर्णाबाईंनी घरी आल्यावर शाल घडी करून ठेवायला दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सरिता पुस्तक घेऊन पलंगापाशी बसली तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

"इतके दिस वाचून दाखवलंस," त्या म्हणाल्या, "ते तरी त्याच्यात लिवलेलं व्हतं का?"

सरितानं शपथ घेतली, पुस्तक उघडून बोट ठेवून दाखवलं. पण बोट ठेवलेलं अक्षर त्यांच्यासाठी कोणतंही असू शकत होतं. त्यांनी पुस्तक हळूच बाजूला सारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर एकदाच, कूस बदलताना, त्या बोलल्या. "हे मला सांगायलाच नको व्हतं बाई. बरी व्हते मी." त्यानंतर त्यांनी कधी काही वाचायला लावलं नाही. दुपारी डोळे मिटून पडून राहायच्या. झोपलेल्या नसायच्या.

थंडीत त्या गेल्या. पेपरात दिलेल्या निवेदनात सुरुवातीला 'कालकथित बन्सीबाबा यांच्या पत्नी व अभय यांच्या मातोश्री' असं होतं, आणि नाव त्यानंतर. मजकूर अभयनंच दिला होता, आणि सरितानं वाचला तेव्हा तो छापून घरी आलेला होता. तिनं अभयला काही म्हटलं नाही. आईसाठी रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. तो वाईट माणूस नव्हता. पुस्तकांतून तिला खूप काही कळलं होतं, पण वाईट नसलेल्या माणसाशी कसं भांडावं हे तिला कुठंच सापडलं नव्हतं.

जलदान विधी झाल्यावर ती शाळेत जाऊन आली. तिच्या जागेवर केव्हाच दुसरी बाई घेतली होती. त्या संध्याकाळी जेवताना अभयनं विषय काढला. गंगापूरची त्याची चतुराआत्या आता एकटी पडली होती, तिला दिसतही नव्हतं. तिला इकडंच आणावं, असं त्याच्या मनात होतं. "तू घरीच असतेस," तो म्हणाला, "आणि मायचं तू किती केलंस, सगळे नावाजतात."

सरितानं त्याच्या ताटात भाजी वाढली. बघू, म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती वाचनालयात गेली. रुक्सारनं नवं आलेलं एक पुस्तक काढून ठेवलं होतं, आणि आजीबाईंना हेही आवडेल असं म्हणाली. आजी गेल्याचं तिला कळलेलं नव्हतं. सरितानं सांगितलं. मग पुस्तक न घेताच ती जिना उतरली आणि रिक्षा बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिली.