दारात चपला घालून

आखातात, अल कुसैसमधली ती जुनी बिल्डिंग पाडायची ठरली. मालकानं वॉचमनकरवी सांगावा धाडला, महिनाअखेर घरं खाली करा, खलास. बाकीची बिऱ्हाडं एकेक करत टेम्पोत चढायला लागली. शोभना वीरकर तेवढी हलंना. शेजारच्या शहरात, रोल्लात, खोली बघून ठेवलेली, भांडी खोक्यात भरलेली, तरी बाईचा पाय निघंना.

समोरची शहनाझ दारात उभी राहून म्हणायची, "टीचर, इस खंडहर में किसका इंतजार है?"

शोभना हसण्यावारी न्यायची. खरं सांगितलं असतं तर शहनाझनं दंडाला ताईत बांधला असता. दर शुक्रवारी दुपारी, असरची बांग झाली की शोभनाच्या दारात तिचा नवरा येऊन उभा राहायचा. आत येत नव्हता की जात नव्हता. त्याला तसा उंबऱ्यावर टाकून घर सोडायचं कसं, हा तिच्या जिवाला घोर होता.

सूर्यकांत जाऊन आठएक वर्षं झाली असतील. त्र्याण्णव सालचा शुक्रवार. जेवण झालं, माणूस पडला, उठला, चपला घातल्या, हातात पाण्याची बाटली घेतली आणि दारात जरा थांबला. शोभना परातीत कणीक तिंबत होती. तिनं पाठीमागं बघितलं नाही. म्हसवडकडच्या वाडीत वाढलेली बाई ती. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारायचं नाही हे तिच्या हाडात मुरलेलं. कुणी विचारलंच तर माणसानं माघारी यायचं, घोटभर पाणी प्यायचं, टेकायचं आणि मग पुन्हा निघायचं. शहनाझ जिन्यात रोज "किधर चली?" करायची आणि शोभना रोज माघारी येऊन पाणी प्यायची. शाळेची बस चुकली तरी प्यायची.

तर तिनं विचारलं नाही. दारातला माणूस थांबला, मग जिन्यावर चपला वाजत गेल्या. गाडी मम्झरच्या किनाऱ्याला सापडली. चपला गाडीत, बाटली भरलेली. माणूस सापडला नाही. पाण्यात उतरला का पाण्यानं ओढला, हे समुद्रालाच ठाऊक.

पोलीस ठाण्यात दुभाषा होता, हैदराबादचा. त्यानं विचारलं, "कहाँ जा रहा बोला था?"

"मी विचारलं नाही. हमारे में नहीं पूछते."

दुभाष्यानं ते अरबीत सांगितलंच नाही. नुसता तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ती नजर शोभनाच्या पाठीला चिकटली ती चिकटलीच.

तिचा व्हिसा शाळेचा होता, म्हणून ती राहिली. शाळेत इंग्रजी शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी घरी जपानी कंपन्यांतल्या साहेबांच्या बायका शिकायला यायच्या. एकेक करत सगळ्या टोकियोला परतल्या. शेवटाला एकच उरली, किमुराबाई. नवरा शुक्रवारी गोल्फला जायचा तेव्हा ही यायची. बाई नाजूक, चपला दाराबाहेर जुळवून ठेवणारी. आत आली की शोभनाला वाकून नमस्कार, आणि खुर्चीत बसली की दाराकडं बघून आणखी एकदा मान लववायची. शोभनाला वाटायचं, असेल त्यांच्यातली रीत. स्वतः ती मुद्दाम दाराकडं पाठ करून बसायची.

त्या महिन्यात धडा होता विचारपुशीचा. इंग्रजीत एखादी गोष्ट जाणून घ्यायची तर अदबीनं कशी विचारायची आणि घरगुतीत कशी.

शोभना सांगायची, "साहेबाच्या केबिनमध्ये गेलात तर आधी उशी ठेवायची. 'आय वॉज वंडरिंग इफ आय माइट आस्क.' मग प्रश्न. मैत्रिणीला उशीबिशी नको. 'हाऊ कम?' म्हणायचं. 'जस्ट क्युरियस' म्हणायचं. नळावर बाया कशा विचारतात, तसं."

किमुराबाई सगळीकडं उशीच ठेवायची. बसवाल्याला म्हणाली, आय वॉज वंडरिंग इफ आय माइट आस्क, धिस बस… तोवर बस देऱ्याला पोचली सुद्धा. हे तिनंच सांगितलं आणि तोंडावर हात धरून हसली.

"अहो, 'गोज टू देरा?' एवढं म्हणायचं!" शोभना म्हणाली.

"इतकं जवळून विचारायला भीती वाटते," किमुराबाई म्हणाली. "समोरच्याला बोलायचं नसेल तर?"

शोभनानं पुस्तकाचं पान उलटलं.

शेवटच्या शुक्रवारी घरात टेबल आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. बांग झाली. शोभनाच्या मानेवरचे केस उभे राहिले, नेहमीसारखे. ती पुस्तकात बघून म्हणाली, "आता तुम्ही मला काहीतरी विचारा. मनातलं. अदबीनं चालेल."

किमुराबाईनं हात मांडीवर ठेवले. "आय वॉज वंडरिंग इफ आय माइट आस्क… दारातल्या गृहस्थांना बसायचं आहे का?"

शोभनाच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळून खाली पडली. उचलायला दोघींतली कुणी वाकली नाही.

"सॉरी," किमुराबाई म्हणाली. मग बाईनं काय बळ आणलं कोण जाणे, सरळ म्हणाली, "हाऊ कम ही नेव्हर कम्स इन?"

पहिल्यांदा बरोबर म्हणाली. शाबास म्हणायचं शोभनाच्या तोंडात आलंच नाही.

"कसे आहेत?" तिनं विचारलं.

"चपला घातल्यात. हातात बाटली. पहिल्या दिवसापासून बघते. तुमचे मिस्टर लाजाळू असतील म्हटलं. विचारणं बरं दिसलं नाही."

"तोंड कुणीकडं?"

"तुमच्याकडं."

शोभनानं टेबलाची कड धरली. "आमच्यात निघालेल्याला कुठं विचारत नाहीत," ती म्हणाली.

"आमच्यातही नाही विचारत," किमुराबाई म्हणाली. "शेजारीण नुसतं म्हणते, बाहेर निघालात का? माणूस म्हणतो, जरा तिथवर. तिथवर म्हणजे कुठं, हे कुणी काढत नाही. पण तेवढं म्हणायचं असतं. आपल्याला जाताना कुणी बघितलंच नाही, तर माणूस कसा जाईल?"

शोभनाच्या डोक्यात वाडीतली वेस आली. वेशीवर बसलेल्या म्हाताऱ्या निघालेल्याला कुठं म्हणून विचारत नव्हत्या, खरं आहे. पण गप्पसुद्धा बसत नव्हत्या. "लांब का रं बाबा?" म्हणायच्या. परमुलखात येऊन शोभनानं रीत पाळली ती निम्मीच. न विचारायचं तेवढं ध्यानात ठेवलं आणि विचारायचं ते विसरून बसली.

तिनं मान वळवली नाही. वळवायची छातीच झाली नाही. परातीतल्या कणकेकडं बघावं तशी टेबलाकडं बघत ती म्हणाली,

"अवं… लांब का?"

घरात एसीची घरघर तेवढी. मग जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश, एक मजला, दुसरा मजला, मग ऐकू येईनाशा झाल्या. किमुराबाई खुर्चीतून उठली आणि दाराकडं बघून वाकली.

"काय म्हणाले?" शोभनानं विचारलं.

"नुसती मान हलवली." ती परत खुर्चीत टेकली. "हो म्हणून का नाही म्हणून, ते मला नाही कळलं."

रविवारी टेम्पो आला. सामान खाली गेलं. शोभना दारात चपला घालून उभी राहिली. आतल्या फरशीवर टेबलाच्या पायांचे डाग होते. बरं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. रिकामं दार माणूस उभा असलेल्या दारापेक्षा मोठं दिसत होतं.

"किधर चली, टीचर?" शहनाझनं जिन्यातून हाक टाकली.

शोभनाचा हात सवयीनं पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडं गेला. तो तिनं परत काढला.

"हितंच," ती म्हणाली. "जरा रोल्लापर्यंत."

आणि माघारी न वळता ती जिना उतरायला लागली. दर मजल्यावर थांबून तिनं ऐकलं. चपला तिच्या एकटीच्याच वाजत होत्या.